मौनीबाबाचे सुळे

सकाळी उठून जग दात घासतं. याला दात कानसावे लागत. न्हाणीघराची कडी लावायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडायचा आणि मान खाली घालून वरचे दोन सुळे कानशीनं घासत बसायचं. जळक्या शिंगासारखा वास सुटायचा. पांढरी भुकटी जिभेवर साचायची, ती थुंकायची, चूळ भरायची, पुन्हा थुंकायची. दुसऱ्या दिवशी सुळे होते तेवढेच. उपाशी राहिलं तर आणखी जोमानं वाढायचे मेले. सकाळी सकाळी स्वतःलाच थुंकून टाकल्यावर माणसाचा पुढचा दिवस कसा जाणार? तसाच जायचा.

तो रक्तावर जगत होता. आता हे ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे काळा झगा, वटवाघळं आणि चांदण्यातला किल्ला उभा राहिला असेल, तर त्यांनी तो आधी पाडावा. याच्याकडे दोन शर्ट होते, रबरी चपला होत्या आणि अंगाला कायम फिनेलचा वास. धंदा म्हणाल तर अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा. कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, लघवीचं भांडं देणं, माणसाला न उठवता खालची चादर काढून घेणं, सगळं त्याला यायचं आणि नीट यायचं. माणसाच्या अंगातून जे जे म्हणून बाहेर पडतं ते सगळं तो हातानं पुसायचा, आणि त्याची त्याला कधी शिसारी आली नाही. शिसारी यायची ती स्वतःची. पुसून झालं, माणूस स्वच्छ होऊन झोपला, की हा त्याच्याच अंगाला तोंड लावायचा. ढेकूण बरा, तो आधी सेवा तरी करत नाही.

सध्या तो कवळीकाकांच्या घरी होता. काकांनी उभा जन्म लोकांच्या कवळ्या बनवण्यात घालवला होता, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलं होतं. मग एके दिवशी हातातला साचा गळून पडला आणि त्याच्यामागोमाग काका. उजवी बाजू गेली. डावा हात आणि जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि जीभ तर आधीपेक्षा दुप्पट चालायला लागली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. काकांच्या खाटेसमोर काचेचं कपाट, त्यात प्लास्टरचे जबडे रांगेनं मांडलेले. नवा माणूस आत आला की सगळे मिळून त्याच्याकडे बघून दात काढायचे. घरात काकांखेरीज त्यांची लेक. ती विमा कंपनीत कामाला होती, सकाळी डबा घेऊन जायची ती दिवेलागणीला परत यायची. हा तिला ताई म्हणायचा. म्हणजे म्हणावंच लागलं तर म्हणायचा, कारण सुळे दिसू नयेत म्हणून तो ओठ मिटून, शब्द चोरून बोलायचा. काकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव मौनीबाबा ठेवून टाकलं.

दुपारी काका झोपले की मौनीबाबाचं जेवण. काकांचा उजवा हात मेलेला होता. टाचणी टोचली तरी या हाताला आता काही कळायचं नाही, असं डॉक्टर ताईला सांगून गेले होते, आणि ते यानं दाराआडून ऐकलं होतं. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ असते तिथं, तो घोटभर घ्यायचा. त्या रक्ताला रक्तदाबाच्या गोळीची कडू चव असायची आणि मागून साखरेच्या औषधाची तुरट. ओकून टाकावं असं वाटायचं आणि ओकणं परवडत नसे, म्हणून तो मोरीपाशी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसून राहायचा. मग दंड पुसायचा, बाही खाली करायचा आणि भांडी घासायला घ्यायचा.

घोटभरच का, तर घोटभरानं माणूस मरत नाही. भूक कितीही असली तरी घोटाच्या पुढे जायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी अभिमान धरावा अशी होती. ती कुणाला सांगण्यातली नव्हती. आणि ती त्याची एकट्याची होती, कारण आत्याला घोटभर हा शब्दच ठाऊक नव्हता.

आत्या त्याची सख्खी आत्या नव्हे. फार वर्षांपूर्वी ती एका मोठ्या इस्पितळात जनरल वॉर्डावर आया होती आणि हा तिथं तापानं फणफणून पडला होता. भावांनी आणून टाकलं, येतोच म्हणाले, आणि आले नाहीत. चादर बदलायलाही कुणी फिरकत नव्हतं. तेव्हा आत्या त्याच्यावर वाकली. तिनं काय केलं ते आता कळलंच असेल. ताप उतरला तो कायमचा, माणूसपणही त्याच्याबरोबर उतरलं. तेव्हापासून आत्याचं एकच पालुपद. तुला कोणी विचारत नव्हतं, तेव्हा मी विचारलं. हे वाक्य ऐकलं की हा विरघळायचा. इतक्या खाटांमधून तिनं मलाच उचललं, म्हणजे माझ्यात काहीतरी असलंच पाहिजे, या एका समजुतीवर त्यानं आजवरचे दिवस काढले होते. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं. मीठ कसलं, रक्तच ते, पण खारट ते खारटच, असं म्हणून तो गप्प बसायचा.

आणि जागायचं म्हणजे काय करायचं, ते सांगताना माझ्याच घशाशी येतं. आत्याचे दात गेले होते. एकेक करत सगळे पडले, शेवटी सुळेही पडले. हिरड्या काळ्या, मऊ, शिळ्या केळ्यासारख्या झाल्या होत्या. तिला काही चावता येत नव्हतं, आणि बाटलीत भरून न्यावं तर रक्त जिना उतरेपर्यंत मरून जायचं. मेलेलं तिच्या पोटात ठरत नसे. मग उपाय एकच. आत्यानं आजाऱ्याच्या घरी यायचं, यानं आजाऱ्याच्या अंगातून तोंडभर ओढून घ्यायचं, न गिळता, आणि चिमणी पिल्लाला भरवते तसं तिच्या तोंडात सोडायचं. ती मचमच करायची. ओघळ हनुवटीवर यायचा, तो बोटानं निपटून चाटायची, आणि म्हणायची, अजून. पोट फुटेपर्यंत अजून. आत्या एकदा घरात शिरली की महिन्याभरात आजारी माणूस आटोपायचा. वय झालं होतं, म्हणायचे सगळे. मागच्या खेपेला टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. उशी सारखी केली तरी त्या याचे आभार मानायच्या. शेवटच्या दिवशीही मानले. त्यांचा दंड यानंच धरून ठेवला होता.

एक गोष्ट मात्र बरी होती. त्यांच्यासारख्यांना कुणाच्या घराचा उंबरा आपणहून ओलांडता येत नसे. कुलूप नसलं, दार सताड उघडं असलं तरी नाही. घरच्या माणसानं हात धरून आत घ्यावं लागायचं. एकदा घेतलं की ते घर मोकळं. त्यावर आत्यानं आपली रीत बसवली होती. हा कामावर रुजू झाला की आठवड्याभरात ती देखरेखीला म्हणून यायची. दाराशी काठी टेकून, कमरेत वाकून म्हणायची, गुडघे गेले हो, जरा हात द्या. म्हातारीला हात कोण देत नाही? चांगुलपणाचाच सापळा करायचा आणि त्यात चांगल्या माणसांना पकडायचं, याहून घाणेरडी युक्ती मी तरी ऐकली नाही. याचा स्वतःचा हात त्या कामी चालत नसे. हा पडला नोकर माणूस, घरचा नव्हे. यालाही कामावर घेताना घरच्यांनीच हात धरून आत नेलेलं असायचं.

कवळीकाकांच्या घरी मात्र ही रीत अडली. काकांची छाती एकदा भरली होती, तेव्हापासून ताईला जंतूंचं वेड लागलं होतं. आत्या आली तशी ताई स्वतःच बाहेर आली, जिन्यावरच खुर्ची टाकली, तिथंच पाणी दिलं, चार वाक्यं बोलली आणि नमस्कार करून दार लावून घेतलं. आत्यानं दातओठ खाल्ले असते, पण ओठच तेवढे होते. घरोघरी पाठवायला तिच्याकडे हा एकच भाचा, त्यामुळे घरही एका वेळी एकच. ती उपाशी राहिली. सुट्टीच्या दिवशी हा तिच्या खोलीवर जायचा, तर दर वेळी ती आणखी आटलेली. खोलीला फुलदाणीतल्या कुजक्या पाण्याचा वास यायचा. पाठ करून झोपायची आणि भिंतीशीच बोलायची.

इकडे काकांनी वेगळंच आरंभलं होतं. एक हात बसून राहिला म्हणून दुसऱ्यानं का बसावं? त्यांनी कपाटातली हत्यारं काढायला लावली. मौनीबाबानं साचा धरायचा, काकांनी डाव्या हातानं मेण कोरायचं. मेण किती ऊन करायचं, दात हिरडीत कसा बसवायचा, कडा कुठं घासायच्या, काका सांगत आणि हा करत. तुझा हात हलका आहे रे, असं एकदा सहज म्हणून गेले. तेवढ्यावर हा स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभा राहिला. आजवर कुणी त्याच्या हाताबद्दल, पायाबद्दल, कशाहीबद्दल चांगला शब्द काढला नव्हता. आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही घाण वाटली. ज्या दंडाला आपण दुपारी तोंड लावतो त्याच माणसाची शाबासकी चघळत बसायचं, शोभतं का हे?

असंच एकदा काम चालू असताना काका मान वर न करता म्हणाले, "अर्धगोल कानस वापरतोस तू सुळ्यांना. सपाट वापर. हिरडीला लागत नाही."

याच्या हातातला साचा पडायचाच राहिला. दातखीळ बसली. काका कोरतच होते. जन्मभर लोकांच्या तोंडात बघत आलो, म्हणाले, पण तोंडाच्या आत कोण राहतो ते विचारायचं नसतं, गिऱ्हाईक जातं. एवढं बोलून त्यांनी फुंकर मारून मेणाचा कीस उडवला आणि सपाट कानस याच्याकडे सरकवली.

त्यानंतर काही दिवसांनी काकांनी तो विषय काढला. आत्या आली होती तेव्हा त्यांनी खाटेवरून उघड्या दारातून तिला बघितलं होतं. बाईच्या तोंडात एक दात नाही, गाल पार आत गेलेत, जेवते कशी बिचारी, असं ते रोज म्हणायला लागले. तिला घेऊन ये, मी माप घेतो. आयुष्यातली शेवटची कवळी मी त्या म्हातारीला भेट देणार. यानं आज नको, उद्या बघू, तिची तब्येत बरी नाही, असं करत दिवस ढकलले. काका कसले ऐकतात. हट्टी माणूस अर्धा झाला म्हणून त्याचा हट्ट अर्धा होत नाही.

आणि मग या शहाण्यानं घोळ घातला. सुट्टीच्या दिवशी आत्याकडे गेला. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, तूही विसरलास मला, तुझ्या भावांसारखाच. झालं. एवढं ऐकलं आणि याचं काळीज पाघळलं. तिला बरं वाटावं, आपण तिला विसरलो नाही हे कळावं, म्हणून कुत्रं हाड आणून पायाशी टाकतं तसं यानं सगळं सांगून टाकलं. काका तुझी आठवण काढतात, तुला कवळी करून देणार म्हणतात, माप घ्यायला बोलावतात. आत्या उठून बसली. कित्येक दिवसांत उठली नव्हती ती उठून बसली आणि हिरड्यांवरून जीभ फिरवायला लागली. ती जीभ बघताना याला कळलं आपण काय करून बसलो ते. शब्द परत गिळता येत असते तर त्यानं रक्त सोडून तेच गिळले असते.

आत्यानं एकच विचारलं. लेक घरी कधी असते?

पुढचं आपोआप जुळत गेलं. काकांनी ताईच्या मागे लकडा लावला. ताईनं पुष्कळ नाक मुरडलं आणि शेवटी कबूल केलं. तिला सुट्टी असेल त्या दुपारी म्हातारीला येऊ दे, आल्याबरोबर हात धुवायला लाव, मी स्वतः तिला आणून खुर्चीत बसवीन. ती स्वतः आणून बसवणार होती. म्हणजे हात धरणार होती. मौनीबाबा ते ऐकत होता आणि काकांची चादर ताणत होता. ताईनं हात दिला की काका महिनाभरही राहायचे नाहीत, आणि त्यांचं रक्त तोंडात धरून आत्याला भरवणारा हाच असणार होता. हात देऊ दिला नाही तर आत्या उपाशी मरणार, जिनं त्याला विचारलं होतं ती. त्यातून वाट नव्हती. त्या दिवसापासून त्यानं काकांच्या दंडाला तोंड लावलं नाही. उपाशी राहिला, सुळे वाढत गेले, कानस पुरेना.

ठरलेल्या दुपारी ऊन कडक होतं. त्यानं काकांची हत्यारं धुऊन टेबलावर मांडली, जबड्याचं माप घ्यायचा चमचा, मेण, चिमटे. पक्कड पुसली आणि ती टेबलावर न ठेवता एप्रनच्या खिशात टाकली. का टाकली ते तेव्हा त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. काका दाढी करून, धुतलेला सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखे बसले होते.

बेल वाजली. ताईनं हात धुतले, पुसले आणि दार उघडलं. उंबऱ्याबाहेर आत्या. काळा चष्मा, डोक्यावर छत्री, ऊन लागलं की त्यांच्या कातडीवर फोड यायचे म्हणून. अंगावरची साडी खुंटीला अडकवल्यासारखी लोंबत होती. चेहरा मात्र गोड केलेला.

"गुडघे गेले गं बाळा," ती म्हणाली. "जरा हात दे."

ताईचा हात पुढे झाला. मौनीबाबा मध्ये घुसला आणि आत्याचा तो पुढे आलेला हात यानंच धरला. काकांची चादर ओली झालीय, म्हणाला, तुम्ही आत बघा, मी यांना घेऊन येतो. इतकं सलग बोललेलं ताईनं कधी ऐकलं नव्हतं, ती चकित होऊन आत गेली. हा बाहेर आला आणि यानं दार ओढून घेतलं.

जिन्यावर दोघंच. आत्याचा गोडवा उतरला. तुझ्या हाताचा मला काय उपयोग, तिला बोलाव, असं ती कुजबुजली. यानं सांगितलं, हे घर नको आत्या, आपण दुसरं बघू, हे काका चांगले आहेत. आत्या हसली. हसताना तिच्या तोंडातून तो वास आला. ती टेलिफोनवालीही चांगलीच होती की, म्हणाली, तूच धरून ठेवली होतीस. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याच्या तोंडाशी एक प्रश्न आला. एवढ्या वर्षांत तो त्यानं कधी विचारला नव्हता, उत्तर आपल्याला हवं तसंच असणार म्हणून.

"त्या वॉर्डात एवढे पडले होते. मलाच का उचललंस?"

आत्या भुकेली होती. गोंजारायला तिच्याकडे वेळ नव्हता, त्राणही नव्हतं.

"तुझी खाट दाराजवळ होती," ती म्हणाली. "आणि तुला भेटायला कोणी येत नव्हतं. तसले वॉर्डात ढिगानं असतात. सरळ वागायचं नसेल तर सांग, उद्या दुसरा करीन."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. उघडं, काळं, ओलं तोंड.

"कशानं?" त्यानं विचारलं.

दुसरा करायला सुळे लागतात. आत्याचं तोंड मिटलं. चेहरा पडला, आणि लगेच तिनं त्यावर दुसरा चढवला. बाळा, म्हणाली, माझ्या राजा, तुला कोणी विचारत नव्हतं तेव्हा मी.

इथं कुणालाही वाटेल की याला संताप आला असेल. तोच तर आला नाही. आली ती जुनी दया. म्हातारी आहे, उन्हातान्हाची आली आहे, उपाशी आहे, आणि तिच्याशिवाय आपलं म्हणायला कोण आहे आपल्याला? दाराजवळची खाट तर दाराजवळची खाट. तिच्या त्या अर्ध्या वाक्यानंही आत काहीतरी हलायला लागलं होतं, आणि ते हलतंय हे कळल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. तो स्वतःला पुरता ओळखून होता. आज तो नाही म्हणेल. उद्या ती भिंतीकडे तोंड करून झोपेल आणि परवा हा तिला कुठल्यातरी दुसऱ्या घराच्या दाराशी घेऊन उभा असेल. हे दोन दात तोंडात आहेत तोवर त्याच्या नाही म्हणण्याला काडीची किंमत नव्हती.

त्यानं खिशातून पक्कड काढली.

डावा सुळा आधी. पक्कड घसरली, ओठ फाटला. दुसऱ्यांदा मुळाशी धरली, कठड्याला पाठ लावली आणि दोन्ही हातांनी ओढली. हाड मोडल्यासारखा आवाज त्याच्या डोक्याच्या आतून आला. सुळा निघाला तो बोटाएवढा, मूळ काळंकुट्ट, त्याला मांसाची चिंधी लोंबत असलेली. आत्या तोंडावर हात धरून नको नको म्हणत होती. उजवा लवकर आला. तोंडात रक्त भरलं. ते स्वतःचं म्हणायचं, पण त्यात टेलिफोनवाल्या बाई होत्या, काकांच्या कडू गोळ्या होत्या, कुणाकुणाचं काय काय होतं. एक थेंबही न गिळता तो जिन्यावर थुंकला. मग आत्याचा हात उलगडून दोन्ही सुळे तिच्या तळव्यावर ठेवले आणि तिची मूठ मिटली.

"घे," तो म्हणाला. "तुझेच होते."

आत्या पायरीवर बसली. तिनं मूठ उघडली आणि आधी काय केलं असेल? ते सुळे चाटले. पुसलेल्या ताटलीसारखे स्वच्छ चाटले. मग एक घेऊन आपल्या काळ्या हिरडीत खुपसायला लागली, तो राहीना, पुन्हा खुपसला, पुन्हा पडला, पायरीवरून घरंगळला, तिनं रांगत जाऊन उचलला. हा वर उभा राहून बघत होता. आजवर जेवढी किळस त्यानं स्वतःसाठी राखून ठेवली होती त्यातली बरीचशी त्या एका पायरीवर जाऊन पडली. तरीही ऊन सरकत तिच्या पायांशी आलं तसा तो खाली उतरला, पडलेली छत्री उघडून त्यानं तिच्या हातात दिली. ती कठडा धरून, एकेक पायरी टेकत निघून गेली. वळून बघितलं नाही तिनं.

तो आत आला. ताईनं रक्तानं भरलेला त्याचा शर्ट बघितला. दाढ दुखत होती, उपटली, असं तो फाटक्या ओठांनी सांगायला लागला. बाई कुठे आहेत या प्रश्नाला तो मान हलवून गेल्या म्हणाला. ताई कापूस आणायला स्वयंपाकघरात धावली. तो काकांच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. कपाटातले सगळे जबडे त्याच्याकडे बघून हसत होते. टेबलावर मेण आणि मापाचा चमचा तयार होता, आणि काका धुतलेल्या सदऱ्यात बसले होते. पुढे तो काय खाणार होता, किती दिवस टिकणार होता, हे त्याचं त्याला माहीत नव्हतं.

काकांनी आधी त्याच्या हाताकडे बघितलं.

"माझी पक्कड," ते म्हणाले. "निदान उकळून तरी घ्यायचीस."

त्यानं पक्कड टेबलावर ठेवली. मी जातो, म्हणाला. मग म्हणाला की जाण्याआधी एक सांगायचं आहे, आणि काकांच्या उजव्या दंडाकडे बोट दाखवलं, आणि पुढे शब्दच फुटेना. इतका वेळ न आलेलं रडू तेवढं फुटलं.

"या हाताला काही कळत नाही, असं डॉक्टरला वाटतं," काका म्हणाले. "मुंग्या येतात. दुपारी यायच्या."

जमिनीत गडप व्हावं असं लोक म्हणतात ते काय, ते त्याला तेव्हा कळलं.

"पहिल्या दिवशी ओरडणारच होतो," काका म्हणाले. "मग म्हटलं बघू, किती घेतो. रोज पडून वाट बघायचो, आज हा जास्त घेणार, आज घेणार. एकदाही घेतलं नाहीस. भूक असायची, तुझी सगळी मान थरथरायची, तरी नाही."

स्वयंपाकघरात ताई फडताळं उघडझाप करत कापूस शोधत होती. काकांनी डाव्या हातानं मापाचा चमचा उचलला, उजेडात धरून बघितला, आणि मेण ऊन करायला सांगितलं. भेट द्यायची म्हटली होती ती कुणाला तरी द्यायचीच होती.

"बस खाली," ते म्हणाले. "आ कर."

तो खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत त्यानं कुणासमोर तोंड उघडलं नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं आणि ओठ फाटलेले होते. तशा त्या उजेडाकडे तोंड करून, जमेल तेवढा मोठा, त्यानं आ केला.